नाताळ आणि तेरावा महिना

मराठीत ‘तेरावा महिना’ हे शब्द कुणी आनंदाने उच्चारत नाही. ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात रिकाम्या कणग्या आणि अधिक मासाने लांबलेले वर्ष. धान्य बारा महिन्यांचे, तोंडे मात्र तेरा महिने खाणारी. फिलिपीन्सच्या मनिला शहरात हेच शब्द ऐकून कामगाराचा चेहरा खुलतो. तिथे तेरावा महिना म्हणजे नाताळाच्या तोंडावर हातात पडणारा जादा पगार.

सप्टेंबर लागला की फिलिपिनो दुकानांत नाताळची गाणी वाजू लागतात. एवढा लांबलेला सण साजरा करायचा तर खिसाही तसाच हवा. १६ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी ८५१ क्रमांकाचा अध्यादेश काढला. वर्षभरात मिळालेल्या मूळ पगाराचा बारावा हिस्सा मालकाने २४ डिसेंबरच्या आत द्यायचा, असा त्याचा गाभा. सुरुवातीला ही सोय महिना हजार पेसोपर्यंत पगार असणाऱ्यांनाच होती. १९८६ साली ती मर्यादा उठली आणि २०१३ च्या कायद्याने घरकामगारांचा हक्कही पक्का झाला. ब्राझीलमध्ये असा कायदा त्याच्याही आधी, १९६२ साली झाला. तिथला दुसरा हप्ता २० डिसेंबरपर्यंत द्यावाच लागतो. मेक्सिकोत याच तारखेच्या आत किमान १५ दिवसांचे वेतन मिळते.

आपल्याला हे फार परके वाटायला नको. आपल्या बोनसच्या कायद्यातला किमान दर आहे ८.३३ टक्के. शंभराला बाराने भागून पाहा, म्हणजे हा विचित्र वाटणारा आकडा कुठून आला ते कळेल. तोही बारावा हिस्साच, म्हणजे आपल्याकडचाही तेरावा पगारच. फक्त तो बहुधा दिवाळीला मिळतो. वसईच्या किंवा मुंबईच्या ख्रिस्ती कामगाराला हातात आलेली ती रक्कम पुढचे सहा-आठ आठवडे मोडू न देता सांभाळावी लागते, तेव्हा ती नाताळापर्यंत टिकते.

पण ज्याला बोनस नाही त्याचे काय? रिक्षावाला, घरून शिवणकाम करणारी बाई यांना तेरावा पगार देणारा मालकच नसतो. अमेरिकेत तर असा जादा पगार देण्याची सक्ती करणारा देशपातळीवरचा कायदाच नाही. अशा घराला तेरावा महिना स्वतः उभा करावा लागतो. नाही केला, तर क्रेडिट कार्ड तो उभा करून देते. आणि तो आपल्या म्हणीतला असतो.

हिशेब करून पाहू. समजा, कपडे, भेटी, केक, पाहुणे आणि प्रवास मिळून नाताळाचे ४०,००० रुपये कार्डावर गेले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. आपल्याकडे थकीत रकमेवर साधारण याच घरातला दर असतो. दरमहा ४,००० रुपये नेमाने भरायचे ठरवले. पहिल्या हप्त्यातले १,४०० रुपये नुसत्या व्याजात जातात. जानेवारीत सुरू झालेली फेड डिसेंबरातला बारावा हप्ता भरूनही संपत नाही. दोन हजारांवर रक्कम उरतेच. म्हणजे पुढचा नाताळ येऊन गेला तरी मागच्या नाताळाचा तेरावा हप्ता बाकी! एकूण भरणा ५०,००० च्या वर जातो; व्याजावरचा कर आणि मधल्या काळातली नवी खरेदी तर यात धरलेलीच नाही. तीच रक्कम जानेवारीपासून बाजूला टाकली असती तर महिन्याला साधारण ३,३३३ रुपये पुरले असते. कर्ज काढणाऱ्याला महिन्याला जास्त भरावे लागते आणि महिनेही जास्त लागतात.

डिकन्सची जादा कमाई

नाताळासाठी जादा पैसा उभा करायला निघालेला इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध माणूस बहुधा चार्ल्स डिकन्सच असेल. कर्जाचा धसका त्याला लहानपणापासून होता. १८२४ साली एका पाववाल्याचे ४० पौंड १० शिलिंग थकले म्हणून त्याच्या वडिलांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबले लावू लागला.

१८४३ च्या अखेरीस हा नामवंत लेखक पुन्हा पैशाच्या अडचणीत होता. त्याच्या चालू कादंबरीचा खप घसरला होता, प्रकाशक महिन्याच्या रकमेत ५० पौंड कपात करण्याची भाषा करत होते आणि घरात पाचवे अपत्य येऊ घातले होते. मग त्याने सुमारे सहा आठवड्यांत ‘अ ख्रिसमस कॅरल’ लिहून काढले. १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात आले आणि नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजारांची आवृत्ती संपली.

इथवर ऐकले तर वाटेल, सुटला बिचारा. पण डिकन्सने पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढले होते. त्याला ते देखणे हवे होते. सोनेरी कडा, हाताने रंगवलेली चित्रे, आतल्या कागदाचा रंग पसंत पडेना म्हणून ऐन वेळी केलेले बदल. आणि एवढे करून किंमत फक्त पाच शिलिंग, सामान्यांना परवडावी म्हणून. हिशेब हाती आला तेव्हा नाताळ केव्हाच उलटून गेला होता. त्याची अपेक्षा होती हजार पौंडांची. पहिल्या आवृत्तीतून सुटले सुमारे २३०. वर एका चोरट्या आवृत्तीवर त्याने खटला भरला. तो जिंकला, पण समोरच्यांनी दिवाळे काढले आणि सुमारे ७०० पौंडांचा कोर्टखर्च डिकन्सच्याच गळ्यात पडला. पुढच्या वर्षी तो कुटुंबासह इटलीत राहायला गेला. स्वस्ताई हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

सहा हजार प्रती खपल्या हे सगळे जग सांगते. पदरात किती पडले आणि कधी पडले, हे दोन प्रश्न विचारले की ती गोष्ट बदलते. नाताळासाठी कोणतेही जादा काम पत्करण्याआधी हेच दोन प्रश्न विचारायला हवेत.

तास विकणे, वस्तू विकणे

जादा कमाईचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे स्वतःचे तास विकणे. अमेरिकेत वर्षअखेरीला त्याची मोठी बाजारपेठच उभी राहते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी एकट्या ॲमेझॉनने सणाच्या काळासाठी अडीच लाख जागा जाहीर केल्या होत्या. कुरिअर कंपन्या, गोदामे, मोठी दुकाने सगळीच हंगामी माणसे घेतात. सांताक्लॉजचे कामही त्यातलेच आणि त्याचे रीतसर शिक्षण मिळते. चार्ल्स हॉवर्ड यांनी १९३७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ॲल्बियन गावी सुरू केलेली सांताक्लॉजची शाळा आज मिशिगन राज्यात चालू आहे.

या कामांत भांडवल लागत नाही, हा मोठा फायदा. धोका तारखेचा. भरती सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. डिसेंबरात जागा शोधणाऱ्याच्या हाती थोडेच लागते. अमेरिकेत पगार आठवड्याला किंवा पंधरवड्याला होत असल्याने नोव्हेंबरच्या श्रमाचे पैसे नाताळाआधी हातात पडतात. आपल्याकडे महिन्याचा पगार असेल, तर १ डिसेंबरला लागलेल्या माणसाची पहिली कमाई नाताळानंतरच येणार. त्यामुळे नाताळासाठी करायचे हंगामी काम दिवाळीच्या गर्दीतच धरावे. दुकानांना, मिठाईवाल्यांना, घरपोच माल पोचवणाऱ्यांना तेव्हाच हात कमी पडतात. आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: २४ तारखेच्या रात्री सुट्टी मिळणार का? मध्यरात्रीच्या मिस्सेला मुले चर्चमध्ये आणि आई-बाबा गोदामात, असा सौदा काहींना महाग वाटेल.

दुसरा मार्ग घरातल्या वस्तू विकण्याचा. मुलाला लहान पडलेली सायकल, न वापरलेला मिक्सर, दोनदा नेसलेली भारी साडी. इथे गुंतवणूक पूर्वीच होऊन गेलेली असते, म्हणून आले ते सगळे हाती राहते. फक्त विकायचा मुहूर्त साधला पाहिजे. खेळणी आणि सायकली नाताळाआधी खपतात, जानेवारीत त्यांना कुणी विचारत नाही.

अमेरिकेत याहून टोकाचा एक मार्ग आहे. तिथे रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा देऊन पैसे मिळवता येतात आणि सात दिवसांत जास्तीत जास्त दोन वेळा, मध्ये किमान एक दिवस सोडून, तो देण्याची मुभा आहे. सणासुदीला प्लाझ्मा घेणाऱ्या केंद्रांकडे वळणारी माणसे आहेत. आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. भेटवस्तूसाठी अंगातले काही विकायची वेळ आली, तर भेटवस्तूच्या यादीवर फुली मारावी.

बेबिंकाचे थर आणि मजुरी

तिसरा मार्ग हाताने काही करून विकण्याचा. तो आपल्या किनाऱ्याला सर्वांत जवळचा. ‘नाताळ’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांच्या ‘नाताल’वरून आला, आणि गोवा-वसईच्या ख्रिस्ती घरांत या सणाची खरी लगबग स्वयंपाकघरात असते. गोव्यात दोदोल, बेबिंका, पेराद. दोन्हीकडे करंज्यांच्या जातीतल्या नेवऱ्या आणि काट्याच्या किंवा कंगव्याच्या पाठीवर वळलेली कुलकुले. पूर्वी ही ताटे शेजारी-पाजारी फिरायची. आता शहरात दोघेही नोकरी करणारी कुटुंबे वाढली आणि तेच पदार्थ विकत घेणारी गिऱ्हाइके तयार झाली. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण बेबिंका ही डिकन्सच्या पुस्तकासारखीच देखणी आणि खर्चिक वस्तू आहे. नारळाचे घट्ट दूध, अंड्यातले पिवळे, साखर, तूप, मैदा, जायफळ. एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, त्यावर तूप सोडायचे आणि तो बसला की दुसरा थर. सात थर म्हणजे सात वेळा थांबणे. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात. समजा, एका बेबिंकाला ३५० रुपयांचे साहित्य, ६० रुपयांचा गॅस आणि ४० रुपयांचा डबा लागला आणि ती ७०० रुपयांना विकली. हाती राहिले २५०. चार तास गेले असतील तर तासाला साडेबासष्ट रुपये पडले. घरपोच द्यायला रिक्षा केली, तर तेही नाहीत.

म्हणून घरगुती फराळ विकणाऱ्या अनुभवी बायका एकाच पदार्थावर भिस्त ठेवत नाहीत. ज्याच्यामागे उभे राहावे लागते त्या बेबिंकाबरोबर, एका बैठकीत किलोंनी होणारी आणि टिकणारी कुलकुले असतात. घरातली मुले आणि सासूबाई वळायला बसल्या की तास वाटले जातात. नारळ आणि तूप नोव्हेंबरातच घेतले जाते, कारण डिसेंबरात भाव चढतात. ऑर्डर घेताना निम्मा विसार घेतला जातो आणि वहीत तारीख पडते: १५ डिसेंबरनंतर ऑर्डर नाही. ही शेवटची अट कठोर वाटते, पण ती नसेल तर शेवटच्या आठवड्यातल्या ऑर्डरींचे पैसे ‘जानेवारीत देते गं’ या वाक्यात अडकतात. उधारी म्हणजे आपण गिऱ्हाइकाला दिलेले बिनव्याजी कर्जच. ते देऊन स्वतःसाठी व्याजाचे कर्ज काढणे हा कुठला व्यवहार? विकायचे खाद्यपदार्थ करणाऱ्या घराने अन्नसुरक्षा नोंदणीही करून घ्यावी. छोट्या उत्पादकासाठी तिची पद्धत सोपी आणि शुल्क नाममात्र आहे.

स्वयंपाकाचा कंटाळा असणाऱ्यांनाही हाताचे काम आहेच. दिवाळीचा आकाशकंदील बांधणाऱ्या हाताला नाताळची चांदणी अवघड नाही. काड्या, कागद आणि खळ तीच. चर्चचा, सोसायटीचा, शाळेचा येशूजन्माचा गोठा सजवून देणे, मुलांचे नाटुकल्याचे कपडे शिवणे, पाहुण्यांसाठी घरे आवरून देणे ही कामे नात्यागोत्यातूनच मिळतात. प्रत्येकात प्रश्न तेच: खर्च वजा जाता किती आणि २० डिसेंबरच्या आत किती?

मिळालेले ठेवायचे कुठे?

कमाई झाली तरी ती डिसेंबरपर्यंत शिल्लक राहिली पाहिजे. घरखर्चाच्या खात्यात पडलेले जादा दोन हजार रुपये कुठे गेले ते कुणालाच आठवत नाही. या अडचणीवर १९०९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, कार्लाइल नावाच्या गावातल्या एका बँकेने तोडगा काढला. कार्लाइल ट्रस्ट कंपनीचे खजिनदार मर्केल लँडिस यांनी नाताळासाठी वेगळे बचत खाते सुरू केले. दर आठवड्याला थोडे भरायचे आणि १ डिसेंबरला एकदम उचलायचे. पहिल्या वर्षी साडेतीनशेच्या आसपास लोक आले आणि प्रत्येकाचे सरासरी २८ डॉलर जमले. अशा खात्यांना ‘ख्रिसमस क्लब’ नाव पडले आणि महामंदीच्या काळात ती देशभर लोकप्रिय झाली. व्याज नगण्यच असे. लोक खरे तर पैसे मोडू न देणाऱ्या पहारेकऱ्यासाठी तिथे जात.

त्याच मंदीत दुकानांनी ‘लेअवे’ आणले. वस्तू दुकानातच ठेवायची, हप्ते भरत राहायचे, शेवटचा हप्ता दिला की घरी न्यायची. उधारीच्या अगदी उलट: आधी पैसे, मग वस्तू. वॉलमार्टने ही सोय २००६ साली बंद केली, मंदीनंतर २०११ साली सणापुरती परत आणली आणि २०२१ साली तिच्या जागी ‘आता घ्या, नंतर भरा’ आणले. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच. वाट पाहण्याची जागा कर्जाने घेतली.

बचतीतही फसगत होते. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी लोकांकडून वर्षभर हप्ते घेऊन नाताळाला खाद्यपदार्थांच्या टोपल्या आणि खरेदीची कुपने देत असे. १३ ऑक्टोबर २००६ रोजी ती बुडाली. सुमारे दीड लाख ग्राहकांचे, बहुतेक हातावर पोट असलेल्या घरांचे, मिळून ३.७ कोटी पौंडांच्या आसपास गेले; आणि तेही नाताळाला दहा आठवडे उरले असताना. हप्ते गोळा करणाऱ्या होत्या शेजारणी आणि नातलग, त्यामुळे विश्वास पुरेपूर होता. पैसे मात्र वेगळ्या सुरक्षित खात्यात नव्हते. या धक्क्यानंतर अशा कंपन्यांनी ग्राहकांचे पैसे स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवण्याची पद्धत आणली.

आपली भिशी याच विश्वासावर चालते. चाळीतल्या दहा-बारा जणींची, एकमेकींची दारे ठाऊक असलेली भिशी चांगलीच. डिसेंबरची चिठ्ठी आपल्या नावे आधीच मागून घेतली की झाला ख्रिसमस क्लब. पण अनोळखी माणसाने चालवलेली, मोबाइलवरून गोळा होणारी, दामदुप्पट सांगणारी भिशी दिसली की फेअरपॅक आठवावी. त्यापेक्षा बँकेत बारा महिन्यांचे आवर्ती खाते काढावे. आपल्याकडे बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. खाते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिकेल अशा बेताने सुरू करावे आणि जादा कमाई ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तिकडे वळवावी.

या सगळ्याआधी एक कागद लागतो. मागच्या नाताळाला खरोखर किती खर्च झाला, ते त्यावर लिहायचे. आठवून नव्हे, पासबुक आणि मोबाइलवरचे व्यवहार पाहून. जेवण, कपडे, भेटी, प्रवास, दानधर्म असे रकाने पाडले की बहुतेक घरांना भेटींचा रकाना फुगलेला दिसतो. मोठ्या कुटुंबात सगळ्यांनी सगळ्यांना भेटी देण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच द्यायची, असे ठरले तर तो रकाना एका संध्याकाळी निम्म्यावर येतो. वाचलेल्या रुपयामागे साहित्य लागत नाही, गॅस लागत नाही आणि त्याला उधारीही नाही. उरलेल्या आकड्यातून साठलेले वजा करा. जी तूट राहील तेवढीच जादा कमाई करायची आहे. बहुतेकदा ती भीती वाटली होती त्यापेक्षा लहान निघते.

दिवाळी पंचांगाप्रमाणे मागे-पुढे सरकते. कधी ऑक्टोबरच्या मध्यात, कधी नोव्हेंबरच्या मध्यात. नाताळाची तारीख कधीच सरकत नाही. २५ डिसेंबर कोणत्या वारी येणार एवढेच काय ते बदलते. इतका वक्तशीर पाहुणा दरवर्षी अचानक आल्यासारखा वाटतो, यात दोष त्याचा नाही. वही आजच काढा, मागच्या नाताळाचा आकडा लिहा आणि त्याला उरलेल्या महिन्यांनी भागा. येणारा तेरावा महिना मनिलातला हवा की आपल्या म्हणीतला, हे त्या भागाकारावरच ठरेल.